जुनी गाडी घेतली, आता नावावर कशी करायची? विदर्भातल्या खेड्यापाड्यांसाठी पायरी-पायरीनं

कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की आपल्याकडे जुन्या दुचाकी, ट्रॅक्टर, ओम्नी-बोलेरो भराभर हात बदलतात. आठवडी बाजारात सौदा होतो, इसार दिला जातो, स्टॅम्पपेपरवर दोन सह्या होतात आणि चावी हातात येते. गाडी दारात उभी राहिली की काम झालं असं वाटतं. मग चार-पाच वर्षं ती पहिल्याच मालकाच्या नावावर फिरत राहते आणि एखाद्या अपघातात किंवा पोलीस नाक्यावर सगळं उघडं पडतं.

पहिली गोष्ट पक्की समजून घ्या. स्टॅम्पपेपरवरचा बाँड म्हणजे मालकी नव्हे. नोटरी केलेला असला तरी नव्हे. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्याचं नाव, कायद्याच्या नजरेत तोच मालक. गाडी विकून टाकली होती असं सांगणाऱ्या मालकावरही अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, कारण नोंदीत नाव त्याचंच असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून नाव बदलणं घेणाऱ्याच्या जितकं हिताचं, तितकंच विकणाऱ्याच्याही. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला हे शांतपणे समजावून सांगा, बहुतेक वेळा तो स्वतःच घाई करू लागतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव लावण्यासाठी अर्ज करायचा असतो.

खाली दिलेला क्रम मुद्दाम असा आहे की पहिल्या चार पायऱ्या पूर्ण पैसे देण्याआधीच्या आहेत. लोक अडकतात ते याच चार पायऱ्या पैसे देऊन झाल्यावर करतात म्हणून.

१. मोबाइलवर गाडीची कुंडली बघा

सरकारी 'एमपरिवहन' ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. मालकाच्या नावाची काही अक्षरं झाकलेली दिसतील, पण पुढच्या गोष्टी स्पष्ट दिसतात: आरसी कधीपर्यंत वैध आहे, विमा आणि पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला) चालू आहे का, कोणत्या बँकेच्या किंवा फायनान्सच्या कर्जाचा बोजा आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का.

आरसीची मुदत नीट वाचा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या तारखेपासून १५ वर्षं चालते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. पंधरा वर्षं उलटलेली दुचाकी स्वस्तात मिळाली तर आधी विचारा, की नूतनीकरण झालं आहे का. झालं नसेल तर तपासणी, नूतनीकरणाची फी, पर्यावरण कर आणि उशिराचा दंड एकत्र येतो, आणि स्वस्त गाडी महाग पडते. हा खर्च सौद्यातच वजा करून घ्यायचा.

त्यानंतर महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर थकीत दंड बघा. गाडी कधी नागपूर-अमरावतीला गेली असेल, सिग्नलच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला असेल, आणि मालकाला पत्ताही नसेल. हा दंड विकणाऱ्यानं भरायचा आणि पावती तुम्हाला द्यायची.

आणि नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, कंपनीतूनच येते. त्याआधीच्या गाड्यांना ती बसवून घ्यावी लागते, आणि ती नसेल तर आरटीओ नाव बदलण्याचं काम अडवून ठेवतं. जीएसटी धरून दुचाकी आणि ट्रॅक्टरला ५३१ रुपये, मोटारीला साधारण ८७९ रुपये लागतात. बुकिंग परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरच्या लिंकवरूनच करा. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइटनी बऱ्याच जणांचे पैसे खाल्ले आहेत. शक्य असेल तर प्लेट विकणाऱ्याकडूनच बसवून घ्या, कारण आरसीला जोडलेला मोबाइल त्याचा असतो.

२. चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा

ही पायरी गावात जवळजवळ कोणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त घात इथेच होतो.

दुचाकीचा चेसिस नंबर बहुधा हँडलच्या खालच्या जाड नळीवर, समोरच्या बाजूला कोरलेला असतो. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की दिसतो. तिथे काळ्या मातीचा थर आणि ग्रीस घट्ट बसलेलं असतं. चिंधीवर थोडं डिझेल किंवा रॉकेल घेऊन पुसा, कोरडं करा. मग पातळ पांढरा कागद त्यावर घट्ट धरून शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. नंबर कागदावर उमटतो. हाच तो 'पेन्सिल प्रिंट', जो पुढे अर्जाला चिकटवावा लागतो. दोन-तीन काढून ठेवा, एक हमखास पुसट निघतो.

सतरा अक्षरी चेसिस नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. त्यामुळे गोल दिसलं तर ते शून्यच, आणि उभी रेघ दिसली तर तो १ हाच आकडा. आरसीवर टाइप करताना एखाद्या ठिकाणी चूक झालेली असेल तर ती इथेच सापडते, आणि ती दुरुस्त करणं मूळ मालकाच्या नावावर गाडी असतानाच सोपं जातं.

आकडे वेडेवाकडे, खालीवर, किंवा घासून परत कोरल्यासारखे दिसत असतील तर तो सौदा सोडा. किंमत कितीही कमी असली तरी सोडा. इंजिन नंबरही असाच आरसीशी ताडून बघा. इंजिन बदललं असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल तर तपासणीत गाडी परत पाठवतात.

३. बोजा उतरवून घ्या

आरसीवर बँकेचं नाव असेल तर नाव बदलत नाही. 'हप्ते कधीच संपले' हे विकणाऱ्याचं म्हणणं खरं असलं तरी उपयोगाचं नाही, कारण कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप निघत नाही. त्यासाठी बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि तिच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, दोन प्रतींत, लागतो.

पत्राची तारीख बघा. या पत्रांवर मुदत छापलेली असते, बहुतेक वेळा तीन महिन्यांची. दोन वर्षांपूर्वीचं पत्र दाखवून कोणी निश्चिंत असेल तर त्याला शाखेत पाठवून नवीन पत्र आणायला लावा. बोजा उतरवणं आणि नाव बदलणं हे दोन्ही अर्ज 'परिवहन' पोर्टलवर (सातवी पायरी) एकदमच करता येतात, त्यासाठी दोन फेऱ्या लागत नाहीत.

तुम्ही स्वतः कर्ज काढून गाडी घेत असाल तर तुमच्या बँकेचा बोजा चढवण्यासाठी फॉर्म ३४ लागतो.

४. समोरचा माणूस आरसीवरचाच आहे का?

गाडी तीन हातांतून आलेली असते. आरसीवर एकाचं नाव, बाँडवर दुसऱ्याचं, आणि विकतोय तिसराच. मधल्या माणसाच्या सहीला आरटीओत किंमत नाही. फॉर्मवर सही लागते ती आरसीवरच्या मालकाचीच, आणि ओटीपी जातो तोही त्याच्याच मोबाइलवर.

'सह्या केलेले कोरे फॉर्म आहेत, काळजी नको' असं कोणी म्हटलं तर काळजी करा. सही जुळली नाही, मालकाचा आधार लागला किंवा ओटीपी आला नाही, की ते फॉर्म रद्दी. मूळ मालक दुसऱ्या तालुक्यात असला तरी एकदा त्याला फोन लावा, भेटा, आणि तो कागद करायला तयार आहे ना हे त्याच्या तोंडून ऐका. मगच इसाराच्या पुढे जा.

मालकाचा मोबाइल नंबर आरसीला जोडलेला नसेल, किंवा जुना बंद पडलेला नंबर जोडलेला असेल, तर तो आधी बदलून घ्या. 'वाहन' पोर्टलवर मोबाइल अद्ययावत करायची सोय आहे; त्याला चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि आरसीची मुदत अचूक भरावी लागते. मालकाचं आरसीवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतं का तेही आत्ताच बघा. एका ठिकाणी वडिलांचं नाव आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरही आधारद्वारे होणारं काम अडतं आणि मग कार्यालयात जाणं भाग पडतं.

इथवर सगळं बरोबर निघालं की सौदा पक्का करा. तरीही पूर्ण रक्कम देऊ नका. थोडी रक्कम नाव लागेपर्यंत राखून ठेवा आणि तसं पावतीवर लिहून घ्या. भाऊबंदकीतला सौदा असला तरी. नात्यात मागाहून वाद नको असेल तर हे आधीच करावं.

५. कागद जमवा

विकणाऱ्याकडून:
- मूळ आरसी (झेरॉक्स चालत नाही; हरवली असेल तर आधी त्यानं फॉर्म २६ भरून दुसरी प्रत काढावी)
- फॉर्म २९, दोन प्रती, त्याच्या सहीचे
- फॉर्म ३० वर त्याची सही
- आधार आणि पॅनची झेरॉक्स, त्यावर सही
- बोजा असेल तर ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५
- चालू विम्याची प्रत

तुमच्याकडून:
- फॉर्म ३०
- पत्त्याचा पुरावा, म्हणजे आधार
- पॅन, नसेल तर फॉर्म ६०
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- चालू पीयूसी
- चेसिसचा पेन्सिल प्रिंट

फॉर्म २९ ही विकणाऱ्याची सूचना आणि फॉर्म ३० हा तुमचा अर्ज, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. फॉर्म २९ ची पोच घेतलेली एक प्रत विकणाऱ्यानं जपून ठेवायची.

आधारवरचा पत्ता तपासा. नुसतं गावाचं नाव आणि जिल्हा असेल तर आधी पत्ता नीट करून घ्या: पोस्ट, तालुका, पिनकोड. याचं कारण नवव्या पायरीत कळेल.

६. गाडी ताब्यात घेता त्या दिवशी

डिलिव्हरी पावती करा. साध्या कागदावरही चालते. त्यात गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, किलोमीटर रीडिंग, किती पैसे कसे दिले, किती बाकी, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. आणि तारखेसोबत वेळ. वेळ नक्की लिहा. सकाळी गाडी विकली, दुपारी अपघात झाला, तर ती गाडी तेव्हा कोणाच्या ताब्यात होती हे त्या एका ओळीवर ठरतं.

स्टॅम्पपेपर करायचाच असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयनं द्या.

चारचाकी असेल तर विकणाऱ्याला त्याच्या फास्टॅगचं खातं बंद करायला सांगा आणि तुम्ही तुमचा नवीन काढा. नाहीतर समृद्धीवर तुमचा टोल त्याच्या खात्यातून जाईल आणि फोन तुम्हाला येईल.

७. पोर्टलवर अर्ज

'परिवहन' संकेतस्थळावर वाहनविषयक ऑनलाइन सेवांमध्ये जा, महाराष्ट्र निवडा, गाडीचा नंबर टाका. चेसिसचे शेवटचे पाच आकडे विचारले जातात, मग मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. म्हणून अर्ज भरताना तो शेजारी बसलेला असेल तर उत्तम, निदान फोनवर तरी हवा. सेवांच्या यादीतून मालकी हस्तांतरण निवडा, बोजा उतरवायचा असेल तर तेही निवडा, तुमचं नाव-पत्ता भरा, कागद अपलोड करा, फी भरा.

केंद्रीय नियमांप्रमाणे हस्तांतरणाची मूळ फी दुचाकीला १५० रुपये आणि खासगी मोटारीला ३०० रुपये आहे. स्मार्ट कार्डचे २०० रुपये आणि टपाल खर्च वेगळा. बोजा, उशीर, थकीत कर असेल तर ते त्यात मिळवून पोर्टल स्वतःच एकूण आकडा दाखवतं. सेतूवाल्याकडून किंवा एजंटकडून काम करून घेत असाल तर घ्या, त्यात गैर काही नाही; पण सरकारी पावती मागा आणि त्याची मजुरी वेगळी किती हे आधी विचारा. अर्ज क्रमांक तुमच्या मोबाइलमध्ये हवा, एजंटच्या वहीत नको.

अर्जात नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर आहे तसंच्या तसं टाकायला लावा. सेतूवर गर्दीत घाईनं टाइप होतं, आणि छापून आलेली आरसी दुरुस्त करायला परत फी पडते.

८. आरटीओ कार्यालयात

छापलेले फॉर्म, फीची पावती, मूळ आरसी आणि सगळ्या झेरॉक्स अर्जाच्या क्रमानं लावून न्या. कार्यालय तुमच्या पत्त्याच्या जिल्ह्याचं: यवतमाळ एमएच २९, अकोला ३०, वर्धा ३२, गडचिरोली ३३, चंद्रपूर ३४, गोंदिया ३५, भंडारा ३६, वाशीम ३७, नागपूर ग्रामीण ४०, अमरावती २७, बुलढाणा २८. गाडी दुसऱ्या जिल्ह्याच्या पासिंगची असली तरी राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही. मात्र एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे नोंद नेताना एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मागितली जाते का हे फी भरण्याआधी पोर्टलवर बघून घ्या.

सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. तिथून एका झेरॉक्ससाठी परत येणं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि तिकीट गेलं. तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचं शिबिर भरतं. तिथे तुमचं काम होतं का आणि तारीख कोणती हे आधी विचारून घ्या. विकणाऱ्याला सोबत नेता आलं तर सहीचा प्रश्न जागच्या जागी मिटतो.

जमा केल्याची पोच घ्या. आरसी येईपर्यंत ती आणि फीची पावती गाडीच्या कागदात ठेवा.

थोड्या वेगळ्या गाड्या

*ट्रॅक्टर.* ट्रॉलीची आरसी वेगळी असते, नंबरही वेगळा. ट्रॅक्टर नावावर झाला म्हणून ट्रॉली होत नाही, तिचा अर्ज स्वतंत्र. ट्रॅक्टर सरकारी अनुदानावर घेतलेला असेल तर ठरावीक मुदतीपर्यंत विकायचा नाही अशी अट असते. विकणाऱ्याचं मंजुरीपत्र वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि नदीकाठच्या गावांतला ट्रॅक्टर असेल तर तहसील कार्यालयात एक चक्कर माराच. रेतीच्या अवैध वाहतुकीत पकडलेला ट्रॅक्टर महसूल विभाग जप्त करतो आणि दंड व हमीपत्र घेऊन सोडतो. पोलिसांनी पकडून न्यायालयातून सुपूर्तनाम्यावर (मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर) सुटलेली गाडीही परवानगीशिवाय विकता येत नाही. अशी गाडी घेतली तर उद्या ती तुमच्या दारातून उचलून नेतात.

*शेजारच्या राज्यातली गाडी.* पांढरकवडा-राजुऱ्याकडे आदिलाबादची, गोंदियाला बालाघाटची, वरूड-धारणीला बैतूल-बऱ्हाणपूरची गाडी स्वस्त मिळते. तिला मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते, इथला रस्ता कर भरावा लागतो, आणि महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो. कराची रक्कम आधी काढा, मग गाडी स्वस्त आहे की नाही ते ठरवा.

*मालक वारलेला असेल तर.* घरच्यांनी बाँडवर परस्पर विकलेली गाडी घेऊ नका. आधी वारसानं मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांच्या संमतीसह फॉर्म ३१ भरून स्वतःच्या नावावर करावी, मग तुमच्या. यासाठी कायद्यानं तीन महिने दिले आहेत.

*मालवाहू गाडी.* पिवळ्या प्लेटच्या पिकअपला परमिट आणि फिटनेस हे दोन विषय वाढतात. वर सांगितलेली रीत तिला पुरणार नाही.

९. आरसी टपालानं येते

नवी आरसी स्पीड पोस्टनं अर्जातल्या पत्त्यावर येते. पत्ता अर्धवट असेल किंवा पोस्टमनला घर सापडलं नाही, तर ती परत जाते आणि मग पुन्हा कार्यालयात शोधाशोध. गावातल्या पोस्टमनला आधीच सांगून ठेवा, अर्जात चालू मोबाइल नंबर द्या. एमपरिवहन ॲपमध्ये तुमचं नाव दिसू लागलं की नोंद झाली असं समजा; राखून ठेवलेली रक्कम त्या दिवशी विकणाऱ्याला देऊन टाका.

पाकीट उघडलं की नाव, वडिलांचं नाव, चेसिस, इंजिन, इंधन आणि बोजाचा रकाना तपासा. बोजा उतरवला असेल तर तो रकाना रिकामा हवा.

१०. विमा तुमच्या नावावर

आरसी आली की लोक थांबतात. विमा अजून जुन्याच्या नावावर असतो. कायद्यानं त्रयस्थ व्यक्तीचं (तुमच्या गाडीमुळे नुकसान झालेल्या तिऱ्हाइताच्या भरपाईचं) संरक्षण तुमच्याकडे येतं, पण विमा कंपनीला हस्तांतरणापासून १४ दिवसांत कळवून पॉलिसीवर नाव बदलून घ्यायचं असतं, नाहीतर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो. विकणाऱ्याला मिळालेली नो-क्लेम बोनसची (दावा न केल्याबद्दलची) सूट तुम्हाला मिळत नाही. तेवढा फरक भरावा लागतो.

त्याच पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचं व्यक्तिगत अपघात संरक्षण घेता येतं. ते आरसीवरच्या मालकाला, आणि त्याच्याकडे वैध लायसन असेल तरच. म्हणजे बाँडवर गाडी चालवणारा माणूस शेतातून परतताना रस्त्यावर अपघातात दगावला तर त्याच्या घरच्यांना यातला रुपयाही मागता येत नाही. पॉलिसी नावावर करताना हे संरक्षण घेतलं आहे का ते विचारा, आणि नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका. बायकोचं किंवा आईचं नाव आधारवर आहे तसंच्या तसं लिहा.